साबुदाण्याच्या माहेरी

एकादशीच्या दिवशी मराठी घरात जी साबुदाण्याची खिचडी होते, तिच्यातील जिन्नस एकेक करून निराळे काढून पाहावेत. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो मूळचा ब्राझीलच्या अरण्यांतला. भुईमुगाची जन्मभूमी बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिना यांच्या बाजूच्या डोंगरपायथ्याची. बटाटा अँडीज पर्वतातला, आणि मिरचीचे मूळ कूळही त्याच खंडातले. राहता राहिले तूप, मीठ आणि जिरे! ज्या दिवशी धान्य वर्ज्य म्हणून आपण इतके सोवळे पाळतो, त्या दिवशीचे आपले बहुतेक ताट साता समुद्रांपलीकडून आलेले असते. जुन्या धर्मग्रंथकारांना यांपैकी एकाही पदार्थाचे नाव ठाऊक असणे शक्य नव्हते; कदाचित म्हणूनच ते निषेधाच्या यादीतून सुटले असावेत.

ज्या खंडाने आपला उपवास इतका रुचकर केला, त्या दक्षिण अमेरिकेविषयी आपल्याला किती माहिती असते? शासकीय शाळांतून मराठीबरोबरच प्रसंगी भूगोलाचेही तास आम्ही वर्षानुवर्षे घेत आलो. त्यात शिकवावयाचे ठरलेले असते: ॲमेझॉन नदी, पंपासचे गवत, चिलीचे तांबे, ब्राझीलची कॉफी. मुलांना आवडणाऱ्या चमत्कारांचीही एक ठरावीक यादी असते. व्हेनेझुएलातील ९७९ मीटर उंचीचा एंजल धबधबा; चिलीतील अटाकामाचे कमालीचे कोरडे वाळवंट; विषुववृत्तावरून ज्याला नावच मिळाले त्या एक्वादोरमधील चिंबोराझो पर्वत. या पर्वताची उंची एव्हरेस्टपेक्षा पुष्कळ कमी असली, तरी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले असता त्याचे शिखर सर्वांत दूर भरते, कारण पृथ्वी मध्यभागी फुगलेली आहे. अर्जेंटिनाच्या नावात चांदी आहे, पण चांदीची मोठी खाण होती ती शेजारच्या बोलिव्हियात. या गोष्टी मनोरंजक आहेत आणि पाठ्यपुस्तकांतून मिळतातही. आम्हाला आज सांगावयाचे आहे ते या खंडातील देशांच्या घरांत काय बोलले जाते याविषयी. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपत राहिलेल्या घरांना तो विषय परका वाटू नये.

प्रारंभ ब्राझीलपासून करणे सोयीचे, कारण तेथून आपल्याकडे येणारी वाट थेट आहे. १४९४ साली स्पेन आणि पोर्तुगाल यांनी तोर्देसिलासच्या तहाने अटलांटिक महासागरावर एक काल्पनिक रेषा ओढून पलीकडचे न पाहिलेले जग आपसांत वाटून घेतले. पुढे १५०० साली काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानकडे निघाला असता एप्रिल महिन्यात ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, आणि तेथून पुढे निघून सप्टेंबरात कालिकतला पोहोचला. एकाच सफरीत एकाच ताफ्याने ब्राझील आणि मलबार, दोन्ही पाहिले! त्यानंतर या सागरी वाटेने काय काय आले, ते आपल्या बोलण्यातच दिसते. 'काजू' आणि 'अननस' हे शब्द आपण कोकणातले म्हणून वापरतो. पोर्तुगीजांनी ते ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांच्या तोंडून उचलले होते. तुपीत काजूला 'अकाजू' म्हणत. 'बटाटा' हाही पोर्तुगीजांमार्फत आलेला कॅरिबियन बेटांवरचा शब्द. 'पेरू' मात्र थोडा फसवा आहे. तो पेरू देशावरून आला असे आपण सहज धरून चालतो. परंतु पोर्तुगीजांत नासपतीला 'पेरा' म्हणतात, आणि गोव्यात उतरलेल्या फिरंग्याला हे फळ पाहून घरच्या नासपतीची आठवण झाली असेल, ही व्युत्पत्ती आम्हाला अधिक पटते.

ज्यांचा 'काजू' आपण रोज उच्चारतो, त्या तुपी लोकांच्या भाषेचे पुढे काय झाले? पहिली दोनअडीचशे वर्षे ब्राझीलच्या मोठ्या भागात पोर्तुगीजांपेक्षा तुपीवर आधारलेली एक 'सर्वसामान्य भाषा'च अधिक चाले. गोरे व्यापारी, त्यांच्या स्थानिक बायका, त्यांची मुले, पाद्री, सारेच ती बोलत. १७५७ साली पोर्तुगालचा कर्तबगार मंत्री पोंबाल याच्या राजवटीत फर्मान निघाले की, वसाहतींतील मुलांना पोर्तुगीजच शिकवावी, देशी भाषा वापरू देऊ नये. गोमंतकीय वाचकांना ही भाषा ओळखीची वाटेल. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने कोंकणीविरुद्ध असेच फर्मान काढले होते. कोंकणी त्यातून तगली. ब्राझीलची सर्वसामान्य भाषा मात्र हटत हटत ॲमेझॉनच्या वरच्या अंगाला जाऊन राहिली. २००२ साली तिकडच्या साओ गाब्रिएल दा काशुएइरा या नगरपालिकेने तिला आणखी दोन देशी भाषांसह पोर्तुगीजच्या बरोबरीचा दर्जा दिला. चिली आणि एक्वादोर सोडून खंडातल्या प्रत्येक देशाला ज्याची सीमा भिडते, त्या प्रचंड देशात ती एका नगरपालिकेपुरती राजभाषा झाली!

तुपीची सख्खी बहीण ग्वारानी. तिची कथा अगदी वेगळी आहे, आणि ती ऐकण्यासाठी ब्राझीलच्या शेजारच्या पॅराग्वे या समुद्र नसलेल्या देशात गेले पाहिजे. या देशाविषयी एरवी कोणी फारसे बोलत नाही. त्याच्या राष्ट्रध्वजाच्या दोन बाजूंवर दोन निराळी चिन्हे असतात, एवढी मौज सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सापडते. परंतु पॅराग्वेचे खरे वैशिष्ट्य असे की, तेथे मूळ रहिवाशांची भाषा गोऱ्यांच्या वंशजांनीही आपली मानली. ज्यांच्या अंगात स्पॅनिश रक्त आहे, ज्यांची नावे स्पॅनिश आहेत, ज्यांचा धर्म रोमन कॅथलिक आहे, असे बहुसंख्य लोक घरात ग्वारानी बोलतात. सबंध अमेरिकेत अशी दुसरी जोड मिळणे कठीण.

हे घडले कसे? तेथे सोने नव्हते, म्हणून स्पेनहून माणसे थोडी आली आणि बायका त्याहून थोड्या. जे आले त्यांनी ग्वारानी स्त्रियांशी संसार केले. मुले आईची भाषा बोलू लागली. जेझुइट पाद्र्यांनी आपल्या वसाहतींत ग्वारानीतच शिकवण दिली, तिची व्याकरणे लिहिली, अरण्यात छापखाना उभारून पुस्तके छापली. स्वातंत्र्यानंतर फ्रान्सिया नावाचा विक्षिप्त हुकूमशहा १८१४ ते १८४० पर्यंत सर्वाधिकारी होता. त्याने १८१४ मध्येच स्पॅनिश लोकांनी आपसांत लग्ने करण्यास बंदी घातली आणि देशाची दारे जवळजवळ लावून घेतली. पुढे १८६४ ते १८७० या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांशी एकाच वेळी झालेल्या भीषण युद्धात पॅराग्वेच्या प्रौढ पुरुषांपैकी बहुसंख्य मारले गेले. त्या युद्धाच्या ऐन धामधुमीत, १८६७ साली, सैनिकांसाठी ग्वारानीतून वृत्तपत्रे निघत होती. युद्ध संपले तेव्हा उद्ध्वस्त देशात उरल्या त्या मुख्यतः स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांच्या तोंडी ग्वारानी होती. पुढच्या शतकात, १९३२ ते १९३५ मध्ये, बोलिव्हियाशी युद्ध झाले तेव्हा शत्रूला कळू नये म्हणून लष्करी निरोप ग्वारानीतून धाडले जात.

एवढे होऊनही शाळेत तिला जागा नव्हती, हे येथे सांगितलेच पाहिजे. रणांगणावर चालणारी भाषा वर्गात बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होत असे. शिक्षक स्वतः घरी ग्वारानीच बोलत आणि वर्गात तीच बोलली म्हणून छडी उगारत. १९९२ च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या जोडीने राजभाषा केले आणि त्यानंतर द्विभाषिक शिक्षण आले. मग दुसराच तंटा उभा राहिला. पुस्तकांतली ग्वारानी इतकी शुद्ध, तिच्यात नवे घडविलेले शब्द इतके, की घरी ग्वारानी बोलणाऱ्या मुलांनाच ती कळेना. कारण घरची ग्वारानी स्पॅनिश शब्दांनी भरलेली असते. या मिश्र बोलीला तेथे 'जोपारा' म्हणतात. जोपारा हे मका आणि घेवड्याच्या दाण्यांच्या एका पदार्थाचेही नाव आहे; तो दरवर्षी १ ऑक्टोबरला घरोघर शिजतो. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगावयाचे तर खिचडीच! माळव्यातल्या वा बेळगावकडच्या मराठीला पुण्यामुंबईच्या पाहुण्यांकडून हाच शेरा अनेकदा मिळालेला आहे. आमच्या मते पाठ्यपुस्तकाने खिचडीची भीती बाळगू नये. प्रमाणभाषा शिकविण्याचे काम ठाम असावे, पण पहिल्या इयत्तेतल्या मुलाला त्याच्या आईचे बोलणे अशुद्ध आहे असे सांगून त्याचा आरंभ करू नये. असो.

ग्वारानीतील एक गोष्ट वाचून आम्हाला विशेष आनंद झाला. तिच्यात 'आम्ही'साठी दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला सामील करून घ्यावयाचे असेल तर 'न्यांदे', त्याला वगळून आपल्यापुरते बोलावयाचे असेल तर 'ओरे'. हाच भेद मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' यांत आहे. स्पॅनिशला आणि इंग्रजीला तो ठाऊक नाही. पाठ्यपुस्तकी हिंदीतही दोहोंना एकच 'हम' पुरतो. माळव्याच्या बोलीतले 'अपन' अजून काही काम भागवते, गुजराती आणि तेलुगू यांनीही भेद राखला आहे. हिंदी शाळेत जाणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडून हा भेद हळूहळू कसा निसटतो, ते आम्ही नेहमी पाहतो. घरीच थांबलेल्या वडिलांना मुलगा येऊन सांगतो, "बाबा, आज आपण किल्ल्यावर जाऊन आलो!" वडील हसतात, क्वचित सुधारतात.

दोन 'आम्ही' बाळगणाऱ्या आणखी दोन मोठ्या भाषा पश्चिमेस अँडीजच्या पठारावर आहेत: क्वेचुआ आणि आयमारा. क्वेचुआ ही इंका साम्राज्याची भाषा. पाठ्यपुस्तकातील 'पंपास' हा शब्द तिचाच. 'कुनैन' या औषधाच्या नावाचे मूळही तिच्यातच. १७८० साली तुपाक आमारू दुसरा याने पेरूत स्पॅनिश सत्तेविरुद्ध मोठे बंड केले. १७८१ मध्ये त्याचा अमानुष वध झाला, आणि त्याच निकालपत्रात क्वेचुआ बोलणे, इंकांचा पोशाख घालणे, त्यांची नाटके करणे बंद करावे असे हुकूम निघाले. भाषेची भीती सत्तेला किती वाटते याचा हा लेखी पुरावा होय. १९७५ साली पेरूच्या लष्करी सरकारने क्वेचुआला राजभाषेचा दर्जा दिला. २०१७ च्या जनगणनेत तेथील सुमारे ३८ लाख लोकांनी ती आपली पहिली भाषा म्हणून नोंदविली. लिमा येथील सान मार्कोस विद्यापीठ १५५१ साली स्थापन झाले. त्यात संपूर्णपणे क्वेचुआत लिहिलेला आणि क्वेचुआतच समर्थन केलेला पहिला डॉक्टरेटचा प्रबंध २०१९ साली मान्य झाला. मध्ये ४६८ वर्षे गेली.

त्याच पर्वतराजीत बटाट्याच्या चार हजारांहून अधिक देशी जाती आहेत: जांभळ्या, काळ्या, तांबड्या, बोटासारख्या लांब, गाठीगाठींच्या. तेथील शेतकरी कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर गोठू देतात, दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि उन्हात वाळवितात. अशा 'चुन्यो'ला वर्षानुवर्षे काही होत नाही. आपल्याकडच्या वाळवणाचाच हा प्रकार; गच्चीऐवजी पर्वत, इतकेच.

बोलिव्हिया हा तर विसंगतींचे भांडारच आहे. त्याला समुद्र नाही, पण नौदल आहे. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीने त्याचा सारा किनारा घेतला. आता त्याच्या नौका ३,८१२ मीटर उंचीवरच्या तितिकाका सरोवरात आणि नद्यांत फिरतात, आणि दरवर्षी २३ मार्चला तो देश गमावलेल्या समुद्राचा दिवस पाळतो. २०१८ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निर्णय दिला की, याबाबत वाटाघाटी करण्याचे बंधन चिलीवर नाही. तरी दिवस पाळणे चालूच आहे. या देशाने २००९ च्या घटनेत स्पॅनिशबरोबर ३६ देशी भाषांना राजभाषा म्हणून नोंदविले. त्यांतील आयमारात काळाची कल्पना आपल्या उलट आहे. आपण गेलेल्या काळाला 'मागचा' म्हणतो आणि येणाऱ्याला 'पुढचा'. आयमारा माणसाच्या दृष्टीने जे घडून गेले ते दिसलेले, म्हणून डोळ्यांसमोर. जे यावयाचे ते न दिसणारे, म्हणून पाठीमागे. गतवर्षाला ते 'समोरचे वर्ष' म्हणतात. विचार करता यात चूक काढणे अवघड आहे.

येथवर मातीतल्याच लोकांच्या भाषांचे झाले. बाहेरून येऊन वस्ती केलेल्यांचे काय? त्यासाठी खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर शेजारी शेजारी असलेले तीन मुलूख पाहावेत. पैकी फ्रेंच गयाना हा अद्याप फ्रान्सचाच भाग असून तेथे युरो चालतो. आपला 'ॲपल' हा उपग्रह १९८१ साली तेथील कुरू तळावरूनच अवकाशात गेला. दुसरा सुरीनाम, पूर्वीचा डचांचा. तिसरा गयाना, पूर्वीचा इंग्रजांचा. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी या दोहोंत हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले, त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. गयानात पहिली जहाजे १८३८ च्या मे महिन्यात लागली, आणि १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसे गेली. सुरीनामला पहिले जहाज 'लल्ला रुख' १८७३ च्या जूनमध्ये पोहोचले. तेथे एकूण सुमारे ३४ हजार गेले.

मूळ मुलूख एक, बोली जवळजवळ एक, काम एक. परंतु आज सुरीनाममध्ये त्यांचे वंशज अवधी-भोजपुरीतून घडलेली 'सरनामी' घरात बोलतात. गयानात सातपट माणसे जाऊनही ती बोली रोजच्या व्यवहारातून जवळजवळ गेली. गयानात मळ्यावर, बाजारात, शाळेत, सर्वत्र इंग्रजीचीच रूपे होती, आणि मळ्यावरच्या कृष्णवर्णीयांशी बोलावयाचे तेही मोडक्या इंग्रजीतूनच. सुरीनाममध्ये डच ही सरकारची भाषा राहिली, बाजाराला स्रानान नावाची निराळी मिश्र भाषा होती, आणि घर घराच्या भाषेसाठी मोकळे राहिले. तिलाही 'मोडकी हिंदी' म्हणून पुष्कळ काळ हिणवले गेले, आणि तेही तिच्याच लोकांकडून. तरी तिच्यात कविता लिहिल्या गेल्या, कादंबरी लिहिली गेली. १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झाला तेव्हा हजारो कुटुंबे नेदर्लंड्सला गेली; ही बोली त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा समुद्र ओलांडून गेली. गयानात काय उरले? पूजेतले मंत्र, लग्नातली गाणी, पदार्थांची नावे आणि नात्यांचे शब्द. इंग्रजीशिवाय दुसरी भाषा न येणारे तेथील मूल आजही वडिलांच्या आईला हाक मारते ती 'आजी' म्हणूनच.

भाषेसाठीच देश सोडून या खंडात आलेलीही माणसे होती. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात अशी शाळा होती की, वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरे मूल वेल्श बोलताना सापडले की तुकडा त्याच्या गळ्यात. आणि दिवसअखेर ज्याच्याकडे तो राही त्याला मार. आपली मुले आपल्या भाषेत वाढावीत, एवढ्यासाठी सुमारे दीडशे स्त्रीपुरुष 'मिमोझा' नावाच्या जहाजाने निघाले आणि २८ जुलै १८६५ रोजी अर्जेंटिनाच्या दक्षिणेस पाटागोनियाच्या उजाड किनाऱ्यावर उतरले. हिरवा मुलूख मिळेल या आशेने आलेल्यांना पाणीही मिळेना. पुढे त्यांनी चुबुत नदीचे पाट काढून गहू पिकविला, वेल्श शाळा चालविल्या, वेल्श पाठ्यपुस्तके छापली, १८९१ साली वेल्श वृत्तपत्र काढले. नंतर अर्जेंटिना सरकारने शाळांतून स्पॅनिश सक्तीची केली. नातवंडांच्या तोंडची वेल्श विरळ होत गेली. १९६५ साली वसाहतीची शताब्दी झाली तेव्हा वेल्सहून पाहुणे आले आणि तुटलेले धागे पुन्हा जुळू लागले. १९९७ पासून तिकडून नियमाने शिक्षक येतात. आता त्रेलेउ आणि गाइमान या गावांत वेल्श आणि स्पॅनिश अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. गाइमानच्या चहागृहांत वेल्श केक मिळतो, आणि वेल्श बोलणारे काही हजार लोक अद्याप त्या खोऱ्यात आहेत.

त्यांच्या कथेची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. ज्या मैदानात ते उतरले ते तेवेल्चे लोकांचे शिकारीचे रान होते. तेवेल्चेंनी या नवख्यांना शिकार शिकविली, मांस दिले, पावाच्या मोबदल्यात कातडी दिली. दोघांचे चांगले जमले. पण १८७८ नंतर अर्जेंटिनाच्या लष्कराने दक्षिणेतील मूळ रहिवाशांवर मोहिमा काढून त्यांचा मुलूख घेतला. ज्या खोऱ्यात एक परकी भाषा जीव वाचविण्यासाठी आली आणि तगली, त्या पाटागोनियाची स्वतःची तेवेल्चे भाषा बोलणारी शेवटची वृद्धा २०१९ च्या जानेवारीत निवर्तली.

तिथून आणखी दक्षिणेला, जमीन संपते तेथे, चिलीच्या नावारिनो बेटावर यागान लोक राहतात. होड्यांतून हिंडून मासे आणि सील मारणारी ही जमात. बर्फाळ वाऱ्यात होडीतसुद्धा शेगडी पेटती ठेवीत. त्यांच्यातील क्रिस्तिना काल्देरोन या बाईंना लहानपणी यागानशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. २००५ नंतर त्या भाषेत त्यांच्याशी सहज संभाषण करू शकेल असे कोणी उरले नाही. त्या बुरूडकाम करीत, टोपल्या विकीत, आणि विचारावयास येणाऱ्या अभ्यासकांना शब्द सांगत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ९३ व्या वर्षी त्या वारल्या. तत्पूर्वी त्यांनी एक काम करून ठेवले होते: नातीला जवळ बसवून जुन्या गोष्टी सांगितल्या, आणि नातीने त्यांचे पुस्तक केले.